कौसाबाईचं वजन

आधीच सांगतो, भूतबाधा, करणी वगैरे ऐकलं की मी तिथून उठून जातो. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस मी... पण कन्हान नदीवर जे पाहिलं, ते आज लिहूनच टाकतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मूळचा मी नागपूरचा, पण नोकरी मौद्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका खेड्यात. बाजार पलीकडच्या काठाला, आणि जायला फक्त झिबलचा डोंगा – सागवानी लाकडाची रुंद नाव. झिबल आणि त्याची बायको कौसाबाई, दोघांनी मिळून ती बांधली होती. दोघंच ती बांबूने ढकलत न्यायचे. नावेच्या बाहेरून झिबलने पटाशीने एक रेघ कोरली होती. नवरा-बायको आणि बारा उतारू बसले की पाणी नेमकं रेघेला टेकायचं. त्याहून एकही माणूस जास्त तो घेत नसे.

भाद्रपदातली गोष्ट. बाजार करून परतायला आम्ही बाराजण पलीकडच्या काठाला डोंग्यात बसलो होतो. पाणी चढत होतं. तेवढ्यात एक बाई तापाने फणफणलेली पोर कडेवर घेऊन धावत आली.

"जागा नाही, बाई," झिबल म्हणाला.

कौसाबाईने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि खाली उतरली. "अवो, इले घ्या. मी थांबते, पुढच्या खेपेले येते."

"एकट्यानं लय वेळ लागंल वं."

"लागू द्या. मी कुठं पळून राहिली?"

त्या बारा जणांत मी होतो. धडधाकट, पंचविशीचा. मला उतरता आलं असतं... सुचलंच नाही, की सुचूनही बसून राहिलो, हे आता सांगता येत नाही.

झिबल एकटा परत पोचेपर्यंत ती थांबली होती ती पलीकडची दरड कोसळली होती. कौसाबाई सापडली नाही.

महिनाभराने डोंगा पुन्हा सुरू झाला. झिबल एकटाच. एक माणूस कमी, म्हणजे बारा उतारूंनिशी रेघ पाण्याच्या बोटभर वर दिसायला हवी. जाताना तशी दिसायची. येताना मात्र पाणी रेघेला टेकलेलं... पूर्वीसारखंच.

लाकूड पाणी पीत असेल म्हणून मी डोंगा काठावर ओढायला लावला, उन्हात वाळवला, डांबर फासलं. फरक नाही. जाताना-येताना तेच बाराजण बसवून पाहिले. जाताना रेघ वर, येताना पाण्याला. झिबल माझी खटपट नुसता बघत राहायचा.

एकदा म्हणाला, "मास्तर, काहून त्रास करून घेता? मले माहीत हाये."

तीन वर्षं असंच चाललं. मग त्याच्या छातीत दुखू लागलं, हातातला जोर गेला. एका दुपारी घाटावर मी बसायला पुढे झालो, तर त्याने हाताने अडवलं.

"आज तुमी नका बसू. आज मी एकटाच जाऊन येतो."

रिकामा डोंगा गेला. रेघ पाण्याच्या चांगली वर होती. पलीकडे तो बराच वेळ थांबला. मग निघाला. जवळ आला तेव्हा मी वाकून पाहिलं. आत झिबलशिवाय कोणी नाही... आणि डोंगा जातानापेक्षा बोटभर खाली.

काठाला लागल्यावर तो आधी उतरला, वळला आणि हात पुढे केला.

"जपून वं. चिखल हाये."

माझ्या डोळ्यांदेखत डोंगा वर उचलला गेला. तेवढाच, बोटभर.

त्यानंतर त्या डोंग्यावर दुसरा नावाडी आला. येताना-जाताना रेघेत कधी फरक पडला नाही.  हे कसं झालं, ते आता मी शोधत नाही.

पण त्या दुपारी झिबल बराच वेळ हात तसाच धरून उभा होता. मग त्याने मला विचारलं, "मास्तर, तुमाले दिसली का?"

"नाही, दादा."

"मलेबी नाही," तो म्हणाला, आणि चिखलात बसून रडू लागला.