श्रीधरने 'केलेलं' रोड्स

"रोड्स? अख्खं केलंय मी!" आमचा श्रीधर पंधरा वर्षं हेच ऐकवतोय. तेव्हा तो प्रवासी जहाजावर इंजिनिअर होता आणि मी पुण्यात, पोटात सई. फोनवर ग्रीक बेटावरचं ते तटबंदीचं शहर मला बुरुजांसकट रंगवून सांगायचा. म्हणून यंदा जूनच्या सुट्टीत म्हटलं, चल, दाखव! साहेबांनी गाईड साफ नाकारला. मुलीसमोर भाव खायची संधी कोण सोडतो?

भारतीय पासपोर्टवाल्यांनो, व्हिसाचं दोन-तीन महिने आधीच बघा. आम्ही राहतो त्या सिंगापूरहून अथेन्स, तिथून तासाभराचं विमान. पुढे बस घ्या, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि कृपा करून चाकांची बॅग नेऊ नका. जुन्या गावातले रस्ते उभ्या गोट्यांचे आहेत. आमच्या बॅगेचं एक चाक तिथेच राहिलं.

पहिल्या सकाळी "माझ्या मागे या" म्हणत श्रीधर वेशीतून आत शिरला. तासाभरात तीच खानावळ तिसऱ्यांदा आली.

"पप्पा डझन्ट नो द वे, ला!" सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

खानावळीतल्या आजींनी हसून इंग्रजीत विचारलं, "पहिल्यांदाच आलात?"

मी त्याचा पराक्रम सांगणार, तोच श्रीधर म्हणाला, "हो. पहिल्यांदाच."

मला वाटलं, गंमत करतोय. पण कान लालबुंद झाले होते. बाहेरच्या बाकावर त्याने सगळं ओकून टाकलं. जहाज इथे सहा वेळा लागलं, सहाही वेळा हा खाली इंजिन रूममध्ये. तट दिसला तो डेकवरून, बाकीचं गाव सहकाऱ्यांनी आणलेल्या पोस्टकार्डांवरून.

"तू रोज विचारायचीस, आज काय पाहिलंस? पाइप, असं कसं सांगू? आधीच तू रडायचीस."

असा संताप आला म्हणता! पंधरा वर्षं थापा! आणि त्याच दमात रडूही आलं.

"अरे, पाइप सांगितले असतेस तरी ऐकले असते मी."

आजींकडची हरभऱ्याची गरम भजी घेऊन आम्ही खंदकात उतरलो. तिथे फिरायला तिकीट नाही. सावली, गवतात पडलेले जुने तोफेचे दगडी गोळे आणि वर हा एवढा तट. श्रीधर प्रत्येक बुरुजाला हात लावून बघत होता. सईने एकदाही चिडवलं नाही.

सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या घरी परतल्यावर कपड्यांच्या घड्या घालताना मी सहज विचारलं, "आणि नेपल्स? तिथला किल्लाही फोनवर रंगवला होतास ना?"

श्रीधर खाली मान घालून मोज्यांच्या जोड्या लावत होता. "पाइप," तो पुटपुटला.

"मग तेच सांग."

तासभर सांगत होता. एवढं मनापासून त्याने कुठलंच गाव सांगितलं नव्हतं.