जास्त धोक्याचं धरण

आज धरणाच्या पाळीवर माजलेलं तरोट्याचं तण कापलं. त्याच्या ओल्या, उग्र वासाने मला तो दिवस आठवला, जेव्हा आम्ही घर सोडायला निघालो होतो.

तेव्हाही पाळ अशीच साफ केली होती. धरणाच्या तपासणीला आलेले साहेब गावातल्या लोकांना म्हणाले, की हे जुनं मातीचं धरण जास्त धोक्याच्या वर्गात आहे. आमचं घर पाळीच्या अगदी खाली. ते ऐकून आमचे हे धावत घरी आले आणि छपराची टिनं उतरवू लागले. सौंदडला त्यांच्या भावाकडे जायचं म्हणाले. सासूबाई खाटेवरून उठेनात. "बुडाली तं बुडाली, मी नाही येत!"

मी परक्या माणसाशी कधी बोलत नसे. पण साहेब दारावरून चालले होते, तेव्हा पदर सारखा करून विचारलंच, "साहेब, धरण फुटते का जी?"

ते थांबले. "नाही बाई, पाळ चांगली आहे. फुटलं तर नुकसान किती, यावरून वर्ग ठरतो. खाली नुसती धानाची शेतं असती, तर धोका कमी धरला असता. तुमची घरं आहेत, म्हणून जास्त. म्हणूनच तर दरवर्षी पाहायला येतो."

"म्हंजे आमच्यापायी धरण बदनाम!" सासूबाई आतून ओरडल्या. साहेबही हसले.

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. आज वाटतं, त्या भीतीच्या शब्दात आमचीच काळजी होती.

त्या दिवशी मी लगेच अंगणात जाऊन यांना म्हणाले, "अजी, टिनं परत चढवा." माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिडी लावली.