राखेनं घासल्याला ब्रेक

संस्थानात म्हाराजांचं राज्य हुतं, तवा आमचं धनी एका सरदाराची मोटार चालवायचं. ब्रेक लय वराडायचा, म्हणून त्यांनी बैलगाडीच्या चाकातल्या आसावानी त्याला वंगण चोपडलं. दुसऱ्या दिशी पन्हाळ्याचा घाट उतरायचा हुता.

सांजंला सरदाराची मोटार दुरुस्त करणारा मुसलमान मिस्त्री दारात आला. गाडी तपासताना त्यो एक डोळा मिटून नुसता ऐकायचा. कुणी बोललं की खेकसायचा. त्या दिशी ब्रेकचा आवाजच न्हाय. त्याचं तोंड उतरलं.

“वंगण लावलंस व्हय रं? आता चाक थांबंल का घसरंल? वैनी, चुलीतली राख आणा!”

डोईचा रुमाल फाडून त्यानं राखेनं ब्रेक घासला.

“घाटात मीबी बसतो की संगं,” म्हणला.

दुसऱ्या सांजंला मोटार वराडत दारात आली, तवा कुठं मी चूल पेटवली.