मेंढ्यांच्या उबेतला विमानवाला

बायको गेली. घर गप झालंय, खोटं कशाला बोलू. पण तिचं काही लिहायला बसलो की जिवाला बरं वाटतं. शाळा फार शिकलो न्हाई, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं इंग्रजांची जर्मन-जपानशी मोठी लढाई चालू होती. आमचं लग्न नुकतंच झालेलं. साखऱ्याकडच्या डोंगरावर मी, ती आणि माझा बाप मेंढ्या घेऊन होतो. ऐन थंडीत आभाळ उतरलं. पाऊस, गारा, आणि धुकं असं की हातभरावरची मेंढी दिसेना. दुपारी त्या धुक्यातून घरघर आली, डोक्यावरून गेली आणि वरच्या कड्यावर आदळली.

जाऊन बघतो तर विमान मोडून पडलेलं. आत एकच माणूस. पाय मोडलेला, ओठ निळे. त्याला उचलून मेंढ्यांपाशी आणला. जाळ करावा तर लाकडं चिंब. बाप म्हणाला, सरकारी माणूस आहे, आपल्या हातात मेला तर आपल्यालाच बांधून नेतील. हात लावू नका, आधी पाटलाला विचारू. पाटील डोंगराखाली, तोवर हा जगतो कुठला?

आमच्यात नवी सून सासऱ्यासमोर बोलत नसे. हिनं एका मेंढीचा कान धरला आणि तिलाच विचारलं, "काय गं, तुझं कोकरू गारठलं तर पाटलाला इचारायला जातीस का?"

बापानंही मेंढीकडंच बघून सांगितलं, "कोकरामागं पोलीस येत न्हाईत."

"मंग पोलिसाला काय सांगू? मरायला टेकला व्हता अन् आमी बघत बसलो?" हेही मेंढीलाच.

बापानं स्वतःचीच घोंगडी काढली आणि त्या माणसावर टाकली.

पुढं कोकराला करतो तेच केलं. मेंढ्या त्याच्या चारी अंगाला दाटून बसवल्या. हिनं कळपातली शेळी पिळून ऊन दूध बोटानं थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं. दिवस कलताना त्यानं डोळे उघडले, तर जिकडंतिकडं मेंढ्यांची तोंडं. त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. बाप म्हणाला, "मेलो असं वाटून राहिलं बिचाऱ्याला." मी हसलो, तीही पदराआड हसली.

उजाडल्यावर मी गावातून माणसं आणि बाज आणली. मेंढ्या गावच्या एका पोरावर सोपवून आम्ही तिघंही बाजेसंगं निघालो. उतरताना जिथं थांबू तिथं ही घोंगडीत हात घालून त्याचा श्वास बघे. खाली सडकेवर विमान शोधत आलेली लष्करी लॉरी होती. तिच्यातल्या डॉक्टरनं नाडी धरली, पाय बघितला आणि म्हणाला, "बच जाएगा."

लॉरी गेली तशी ही सडकेच्या कडेला बसली. कालपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी गावातून बांधून आणलेली भाकरी सोडून तिच्यापुढं ठेवली, पण सासऱ्यासमोर, नवऱ्याच्या शेजारी ती खाणार कशी? बापानं एकदा आमच्याकडं बघितलं, सडकेकडं तोंड फिरवलं आणि आमच्याकडं पाठ करून बसला. तिचं पोट भरेस्तोवर त्यानं मान वळवली न्हाई.