मंजुळाच्या डोळ्यातलं भोक

पोलादपूरच्या स्टँडावर एक कुजबुज बरेच दिवस फिरत होती: कुडपणच्या मंजुळाच्या उजव्या डोळ्यात भोक आहे, आणि त्यातून समोरचा माणूस गळून पडतो. चहावाल्याने ती मला सांगितली, मी आणखी चौघांना. इतकी चविष्ट गोष्ट एकट्याने खाऊ नये.

मंजुळा म्हणजे गोमाजीची थोरली. बाप गुडघ्यांमुळे घरी बसला, तेव्हा त्याच्या जीपचं चाक तिने हातात घेतलं. पोलादपूर ते कुडपण, चढ असा की इंजिनाला धाप लागते. बाई चालवते म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली, मग निमूट बसू लागले. हे झोंबलं हैबतीला, कारण त्याचीही जीप त्याच रस्त्यावर.

त्यात मंजुळाची जीभ! बापाचे डोळे तपासायला महाडला गेली, तिथल्या तपासणाऱ्या मुलीने तिला एक गंमत दाखवली. ती हिने थेट हैबतीवरच करून पाहिली. डावा डोळा मिटला, त्याच्या बाजूच्या खांबावर नजर लावली आणि म्हणाली, "हैबतीकाका, तुमचं मुंडकं गेलं हो! पण खरं सांगू, फारसा फरक नाय पडला."

स्टँड हसला. हैबती नाही हसला. "जिला मानूस दिसत नाय, तिला वळनावरची म्हैस काय दिसनार?" एवढंच तो ज्याला त्याला सांगत सुटला. झालं! मंजुळाच्या जीपमध्ये माशी बसेना. घरात ठरलं, शिमग्यापर्यंत वाट बघायची. नाहीतर जीप विकून तिने डोंबिवलीला भावाकडे जायचं.

शिमग्याला मुंबईकर उतरले. हैबतीच्या जीपला माणसं लटकली, टपावर चढली. मंजुळाची रिकामी. तिने कुशाबा म्हाताऱ्याच्या चंचीतून दोन सुपाऱ्या काढल्या आणि पांढऱ्या बॉनेटवर वीतभर अंतराने ठेवल्या.

"आजोबा, डावा डोळा झाका. डावीकडच्या सुपारीवरनं नजर हलवू नका. आता हळूहळू मागं सरका."

म्हातारा सरकला आणि ओरडला, "दुसरी कुठं गेली? खाल्लीस काय गो भवाने?"

मग रांगच लागली. सुनांची सुपारी गेली, जावयांची गेली. टपावरचेसुद्धा बघायला खाली उतरले.

"हैबतीकाका, या की!"

"माझे डोळे घारीचे हायत!" हैबती आला, लोकांकडे वळून मिशीला पीळ देऊ लागला. तेवढ्यात मंजुळाने उजवीकडची सुपारी उचलून तोंडात टाकली. हैबतीने डोळा झाकला, नजर लावली, मागे सरकला.

"दुसरी दिसते काय?"

"दिसते की! चांगली लख्ख."

मंजुळाने कडकन सुपारी फोडली. "ही?"

त्यानंतर जो हशा झाला, तो सावित्रीच्या पुलापलीकडे ऐकू गेला असेल.

"एक डोळा चुकला तर दुसरा सांभाळतो," मंजुळा म्हणाली. "म्हनून मी दोन्ही उघडे ठेवून गाडी हाकते. तुमचा एक कायम फोनात असतो, काका."

कुशाबा पुढच्या सीटवर जाऊन बसला. मागोमाग सगळे. हॉर्न वाजवत जीप चढाला लागली. ती विकण्याचा विषय गोमाजीच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मंजुळाच्या उजव्या डोळ्यात एका जागी काही दिसत नाही. डाव्यातही नाही. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते तिथे कुणालाच दिसत नाही, आणि ती जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो.