उरलेली संत्री

मॅच सुरू व्हायच्या आधी ती संत्र्याच्या डोक्यात अंगठा खुपसायची, आणि वास सुटला की कोर्टकडे बघून म्हणायची, "चला. आज काय दिवे लावतात बघू."

दिवे लागत नसत. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कोर्टच्या कडेला झोपणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असावं, कारण आमची टीम खेळत असताना तो डोळे उघडण्याचीही तसदी घेत नसे.

आमचं कॉलेज खारघरला, डोंगराच्या अंगाला. बास्केटबॉल कोर्टच्या एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, प्रेक्षकांसाठी. प्रेक्षक म्हणजे ती. नंतर मी. मी काही खेळ बघायला गेले नव्हते. फर्स्ट इयरला होते, कॅन्टीनमध्ये एकटीने बसून डबा खाणं मला जमत नसे, आणि कुणाच्या टेबलापाशी जाऊन "बसू का?" विचारणं तर त्याहून जमत नसे. पायऱ्यांवर कुणी नसायचं. म्हणून मी तिथे बसले.

"ए, सरक. माझी जागा आहे ती."

पूर्ण पायऱ्या रिकाम्या होत्या. मी सरकले.

"मीडियम कुठलं?" तिने विचारलं.

"इंग्लिश."

"वाटलंच. मराठी मीडियमवालं कुणी इतकं न भांडता सरकत नाही."

तेव्हापासून मी 'मीडियम' झाले. तिने माझं नाव विचारलं नाही असं नाही, पण वापरलं कधीच नाही.

ती कॉमर्सला, शेवटच्या वर्षाला होती. खांदेश्वरहून यायची. गाव साताऱ्याकडचं. वडील वाशीच्या फळ मार्केटात एका गाळ्यावर कामाला होते, त्यामुळे हिवाळा लागला की घरात डागी संत्री यायची, ज्यांना गिऱ्हाईक नसतं ती. डाग खाली करून ती संत्रं हातात धरायची, जसं काही आम्ही डाग बघितला असता तर तिचीच लाज गेली असती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. देवळात, क्रिकेटच्या मैदानावर, निवडणुकीत कायम पडणाऱ्या उमेदवाराच्या मागे. ती का येतात हे त्यांना विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मला खेळता येत नाही. पण कुणीतरी बघायला नको का? न बघता हरले तर ते हरलेत हे तरी कुणाला कळणार?"

ते वर्ष आठवायला गेले की मला वेगवेगळे दिवस आठवतच नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. डोंगरावर पिवळं पडत चाललेलं गवत. बॉल आपटल्याचा आवाज डोंगराकडून थोडा उशिराने परत यायचा, तेव्हा वाटायचं, तिकडे आणखी एक टीम खेळतेय, कदाचित जिंकतही असेल. लांबून मेट्रो जायची, तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचायचा नाही, नुसती चकाकी सरकत जायची. आणि या सगळ्यात, माझ्या शेजारी, तिचं ओरडणं.

सुरुवातीला ती मुंबईचं ओरडायची. "भाई, पास दे ना! काय टेन्शन आहे?" टीम मागे पडायला लागली की हळूहळू गावाकडे जायची. "आरं बघ की तिकडं! डोळं हायत का बटणं?" आणि शेवटी, सगळं हातातून गेल्यावर, ती ओरडायचीच नाही, हळू आवाजात म्हणायची, "लेकरांनो, निदान पडू तरी नका."

तिचा एक नियम होता. आपला बास्केट पडला की एक फोड. एक तिला, पुढचा पडला की एक मला. न कमावलेली फोड खायची नाही. तुम्ही समजू शकता, आम्ही दोघी फार संत्री खायचो नाही. मॅच संपली की ती सोललेली, थोडी सुकलेली संत्री घेऊन कोर्टमध्ये उतरायची आणि मान खाली घालून बसलेल्या पोरांच्या हातात एकेक कोंबायची. "घ्या. खेळायला नाही तर रडायला तरी ताकद येईल." पोरं खायची. मी पायऱ्यांवरून बघायची.

गंमत अशी होती की आमच्या टीमने जे थोडेफार बास्केट टाकले, त्यातले बरेचसे तिने बघितलेच नाहीत. ती कधी सोलत असायची, कधी बी कुठे टाकायची ते शोधत असायची, कधी रेफ्रीबद्दल मला काहीतरी समजावत असायची. नेमका तेव्हा बॉल आत.

"पडला?"

"पडला."

"कुणाचा?"

"आपला."

"छ्या!" ती कपाळावर हात मारायची. "मी बघत नव्हते तेव्हाच का पडतो यांचा?"

हे तिने एकदा पोरांसमोर म्हटलं, आणि तिथेच चुकलं. टीमला हरण्यासाठी कारण हवंच होतं. पुढच्या मॅचला ती पायऱ्या चढत होती तेव्हा खालून कुणीतरी हसत ओरडलं, "आली रे पनवती!" ती पण हसली. संत्रं त्याच्या दिशेने फेकल्याचं नाटक केलं. पण मग पहिला भाग होईपर्यंत ती सारखी मान वळवून डोंगराकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस. "काही नाही," ती म्हणाली. "त्यांना जरा खेळू देत होते."

जानेवारीत स्पोर्ट्सच्या सरांनी सांगितलं की या वर्षी एकही मॅच जिंकली नाही तर पुढच्या वर्षीपासून इंटरकॉलेजला नाव देणार नाहीत. टीम बंद. सर रागाने बोलले नाहीत, थकून बोलले, म्हणून ते जास्त खरं वाटलं. त्या दिवशी आमच्या दोघींच्या मधल्या पिशवीत संत्री तशीच राहिली, न सोललेली.

"मीडियम," ती म्हणाली, "मी बघते म्हणून हरतात का गं?"

मला पटकन उत्तर देता येत नाही, कशाचंच. मी उत्तर शोधत राहिले आणि तिला वाटलं मी विचार करून 'हो' म्हणतेय.

मग तिनेच दुसरं कारण शोधलं. मला वाटतं, स्वतःला सोडवण्यासाठीच शोधलं. दुसऱ्यांच्या कोर्टवर हरायला आम्हाला कारण लागत नसे, पण घरच्या कोर्टवर पहिल्या भागात टीम बरी खेळायची. मग बाजू बदलायची, आणि सगळं कोसळायचं. ती एक दिवस पायऱ्या सोडून कोर्टच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पहिल्या भागात ज्या रिंगमध्ये बॉल टाकायचा तिच्यामागे डोंगर होता. दुसऱ्या भागातली रिंग रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेला. तिथे बघायचं तर ऊन सरळ डोळ्यांत.

"हे प्रॅक्टिस कुठल्या रिंगवर करतात?" तिने मला विचारलं.

डोंगराच्या. दुसऱ्या रिंगखाली स्टाफच्या स्कूटर उभ्या असायच्या. मॅचच्या दिवशी शिपाई त्या हलवायचा. बाकी दिवस ती रिंग स्कूटरचीच होती. आमची पोरं वर्षभर एकाच दिशेला तोंड करून बास्केटबॉल शिकली होती.

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "बघू." ती परत येऊन मला म्हणाली, "'बघू' म्हणजे नाही. उद्या सकाळी लवकर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटच्या आत उभ्या होतो. तिचा बेत साधा होता. "मी मराठीत सांगितलं तर विचारतील, तू कोण. तू इंग्लिशमध्ये सांगितलंस तर कुणी विचारणार नाही. वाटेल, वरून ऑर्डर आलीय."

"मला नाही जमणार."

"तुला बोलायचं नाहीये. नुसतं एक वाक्य म्हणायचंय."

अकाउंट्सचे सर स्कूटरवरून आले. मी म्हणाले, "सर, नॉट हिअर टुडे, प्लीज. दॅट साइड." आवाज माझा वाटत नव्हता, स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटत होता. सरांनी हेल्मेटची काच वर केली. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती दोन्ही हात मागे बांधून उभी होती, ऑर्डर जिथून येतात तिथल्या माणसासारखी. "ओके, ओके," सर म्हणाले आणि वळले. त्यांच्यामागून आलेल्या मॅडम न सांगताच वळल्या. आठवड्याभरात सगळा स्टाफ लायब्ररीमागे स्कूटर लावायला लागला. हा निर्णय कुणाचा, हे कॉलेजमध्ये आजही कुणाला माहीत नाही.

मग ती पोरं रोज संध्याकाळी, लेक्चर संपल्यावर, उन्हाकडे तोंड करून उभी राहायला लागली. डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून. बॉल बोर्डवर, बॉल रस्त्यावर, एकदा बॉल भाजीच्या टेम्पोत. ती पायऱ्यांवरून सांगायची, "उन्हाकडं बघू नका रे, रिंगच्या कडेकडं बघा!" प्रॅक्टिस मात्र ती डोळे भरून बघायची. प्रॅक्टिसला पनवती लागत नाही, असं तिचं मत होतं.

शेवटची मॅच घरच्या कोर्टवर होती. सुरू होण्याआधी कॅप्टन पायऱ्यांपाशी आला. उंच मुलगा, खांदे पाडून चालणारा.

"ऐक ना," तो तिला म्हणाला. "राग नको मानूस. आज तू नको ना बघूस. पोरं म्हणतायत."

मला वाटलं ती त्याला सोलून काढेल. तिने पिशवी उचलली. "संत्री तरी ठेवू, का ती पण पनवती?"

"संत्री ठेव," तो खाली बघत म्हणाला.

ती गेली नाही. ती वरच्या पायरीवर जाऊन कोर्टकडे पाठ करून बसली, समोर कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरची धुळकट बोगनवेल. "मी बघत नाही," ती म्हणाली. "तू बघ. मोठ्याने सांग."

"मोठ्याने?"

"मला मागे डोळे आहेत का?"

तर मी सांगायला लागले. मला खेळातले शब्द येत नव्हते, म्हणून जे दिसलं ते सांगत गेले. कॅप्टनकडे बॉल आहे. तो थांबलाय. आता पास दिला. उडी मारली. पडला. आपला. तिचा हात खांद्यावरून मागे यायचा, तळव्यावर एक फोड. मी खायची आणि पुढे सांगायची. माझा आवाज कधी मोठा झाला मला कळलं नाही. डोंगरावर तो जात होता आणि थोडा उशिराने परत येत होता, आणि मला वाटत होतं, ही कुणीतरी दुसरीच मुलगी सांगतेय, मी तिचं ऐकतेय.

बाजू बदलली.

"ऊन आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"डोळ्यांवर?"

"हो. कॅप्टनने हात धरलाय कपाळावर. आता काढला. टाकतोय."

तिची बोटं फोडीवर थांबली. बोगनवेलीची पानंही हलत नव्हती.

"पडला," मी म्हणाले.

त्या दिवशी, पहिल्यांदाच, संत्री संपली.

शिट्टी वाजली तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती, बॉल एकटाच गेटकडे गडगडत चालला होता, आणि कुत्रा उठून उभा होता. "वळ ना," मी म्हणाले. ती वळली. जिंकणं संपून गेलं होतं, नुसता गोंधळ उरला होता.

"बघितलंस?" ती हसत म्हणाली. "मी नाही बघितलं की जिंकतात."

"उन्हामुळे जिंकले. तू स्कूटर हलवल्यास म्हणून."

"ते पण असेल."

कॅप्टन धावत वर आला. "थँक्यू हां," तो तिला म्हणाला, "बघितलं नाहीस त्याबद्दल." त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं. तिने त्याच्या पाठीवर एक धपका घातला. मग सालं गोळा करत बसली. बराच वेळ, एकेक करून.

परीक्षा झाली, तिचं कॉलेज संपलं. वडिलांनी मार्केट सोडलं आणि घर गावाकडे गेलं. तिला तिथल्या पतसंस्थेत नोकरी लागली. पुढच्या हिवाळ्यात मी मेसेज केला, शनिवारी मॅच आहे, ये. तिचं उत्तर आलं: नको गं. टीम राहिलीय ना, राहू दे.

मी कुणाला फोन करत नाही. टाइप करते. पण त्या शनिवारी मॅच संपल्यावर मी तिला फोन लावला.

"हरलो," मी म्हणाले.

"काय?"

"हरलो. आपल्या कोर्टवर."

तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"माझ्याशिवाय?"

"तुझ्याशिवाय."

"खरं सांग, मीडियम."

"खरं. डोंगराच्या रिंगवर पण हरलो आणि उन्हाच्या रिंगवर पण हरलो."

"वाईट हरलो?"

"फार वाईट."

"आरं देवा!" ती म्हणाली, आणि इतक्या आनंदात मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. ती हसत सुटली. पलीकडे कुणीतरी "काय झालं गं?" विचारलं, तर "हरलो आई, हरलो!" असं सांगतानाही हसतच होती. मग काहीतरी सोलल्याचा आवाज आला, निदान मला तसा वाटला.

"हं," ती म्हणाली. "आता सांग. पहिल्यापासून."

कोर्ट रिकामं होतं. पश्चिमेच्या रिंगमधून ऊन सरळ पायऱ्यांवर येत होतं. मी तिच्या जागेवरून थोडी सरकले, आणि सांगायला लागले.