भाता माझ्या हातात

सकाळी दूध गॅसवर होतं आणि फोन वाजला. अक्काचा भाचा बसू बोलत होता. "काकू, अक्का गेली," एवढंच म्हणाला. दूध उतू गेलेलं मला वासावरून कळलं. शाहूपुरीत त्यांच्या घरी पोचले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे अक्काला भिंतीशी बसवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मांडी घालून ताठ बसलेली अक्का मी आयुष्यभर समोरून पाहत आले, तशीच ती बसली होती. फक्त आमच्यामध्ये पेटी नव्हती. त्याला आता दोन महिने होत आले. दिवस गेले की दुःख बोथट होतं, असं लोक म्हणतात. माझं अजून तरी तसं काही झालेलं नाही.

गिरिजाअक्का ही गुळाच्या अडतवाल्या घरातली थोरली लेक. जन्मापासून दिसत नव्हतं. लहानपणी काही वर्षं अंधशाळेत राहून ती ब्रेल शिकून आली. पेटी शिकली ती मात्र बुवांकडं. बुवा आमच्या गल्लीच्या टोकाला शिकवण्या घ्यायचे. मीही जायचे, पण माझा गळा असा की वर्षाच्या आतच बुवांनी मायेनं सांगितलं, बाळ, तू आपली ऐकायला येत जा. मग मी ऐकायला जात राहिले, आणि तिथंच अक्का मला भेटली.

नव्वद सालानंतर कधीतरी तिच्या भावानं तिला टेपरेकॉर्डर आणून दिला. बुवा आधी कुरकुरले, मग स्वतःच "बटण दाबलंय न्हवं?" असं विचारून गायला लागले. घरी आल्यावर अक्का एकेक तान मागंपुढं करत इतकी ऐकायची की टेप दमून जायचा. "सेल आण गं, बुवा पाव सूर उतरल्यात," असं ती मला सांगायची. पण ऐकून पाठ करण्यावर तिचं समाधान नव्हतं. डोळस मुलींच्या वह्यांत बंदिशी लिहिलेल्या असत, विसरल्या तर उघडून बघता येत. तिला तसं हवं होतं. आपल्या बोटानं वाचायचं आणि कुणाला न विचारता वाजवायचं... आयुष्यात तिनं एवढा एकच हट्ट केला.

आता छापील पुस्तकात कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर. ब्रेलमध्ये सहा टिंबांचं एक घर, मग शेजारी पुढचं घर. स्वराच्या वर किंवा खाली काही लिहायची सोयच नाही. याची तयार पद्धत कुठं असेलही, आमच्यापर्यंत ती आली नव्हती. मी शहाणपणा केला, म्हटलं, स्वर लिही आणि त्याच्यानंतर कोमलची खूण टाक. अक्कानं मान हलवली. "बोट फुडं गेल्यावर कळून काय उपेग? तवर मी शुद्ध वाजवून बसले की." म्हणून तिच्या लिपीत खूण आधी आणि स्वर मागून. जुन्या कॅलेंडरची जाड पानं ती ब्रेलच्या पाटीत अडकवायची आणि टोचणीनं उजवीकडून डावीकडं टोचत जायची. पान उलटलं की टिंबं वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. दुपारभर ते टकटक चालायचं. तिची आई म्हणायची, आमची लेक कागदाला टाके घालतीया.

अखेर भीमपलासची बंदिश लिहून झाली. अक्कानं पान शेजारी पाटावर ठेवलं, पेटी उघडली, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर... आणि तिथंच अडली. वाचायला तिसरा हात कुठून आणायचा? इतके दिवस खपून लिहीत होतो, पण हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही इतक्या हसलो की तिची आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग मी पेटीच्या पलीकडं जाऊन बसले आणि भाता धरला. अक्काचं डावं बोट पानावर सरकू लागलं, उजव्या हाताखाली भीमपलास अडखळत उमटू लागला. आनंदानं माझा हात जोरात चालला, तशी ती म्हणाली, "दमानं हाण, गुऱ्हाळाचं इंजिन हाय का काय ते?"

तेव्हापासून गुरुवार आमचा ठरला. लग्न होऊन मी राजारामपुरीत गेले, मुलं झाली, पण गुरुवार सोडला नाही. आमचे हे म्हणायचे, गुरुवारी लोक वाडीला दत्ताच्या पाया पडायला जातात, आमची ही भाता मारायला जाते.

दोन हजार सालानंतर बसूनं पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणक आणला. अक्कानं इंग्रजी अक्षरांत सरगम टाइप केली आणि ते यंत्र एका सुरात वाचू लागलं, एस, आर, जी, एम... "हे गात न्हाय, हजेरी घेतंय," असं म्हणत म्हणत ती तेही शिकली. त्याच्या मागोमाग घरात विजेवर वाजणारा की-बोर्ड आला. त्याला भाता नाही. डाव्या हातानं वाचा, उजव्या हातानं वाजवा. अक्काचा हट्ट पुरा झाला. मी पेढे घेऊन गेले, तिला पेढा भरवला, आणि परत येताना रिक्षात रडले. तिच्या सुखाचं दुःख नव्हतं मला. माझ्या हाताला काही काम उरलं नव्हतं, याचं होतं.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दामच गेले नाही. तिचा फोन आला. "का आली न्हाईस? पेटी उघडून बसले की मी." नवी बंदिश लिहिलीय, पण की-बोर्डवर काही केल्या बसत नाही, असं तिनं सांगितलं. मी गेले, भाता धरला. ती वाजवू लागली, आणि मी समोरूनच पाहत होते. तिचं बोट पानाच्या पहिल्या ओळीवर होतं. स्थायी झाली, अंतरा झाला, बंदिश संपली, तरी बोट पहिल्या ओळीवरच. तिला सगळी पाठ होती. पुढच्या गुरुवारी दुसरं पान, आणि पुन्हा तेच. मी भाता हलवत राहिले. मला दिसतंय हे तिला कळत नसेल, एवढी अक्का भोळी नव्हती. एकदा भात्यावरचा माझा हात थांबला. सूर बंद पडला. अक्कानं पट्ट्यांवरची बोटं तशीच ठेवली आणि म्हणाली, "की-बोर्ड माझा एकटीचा हाय. पेटी दोघींची. हात चालव."

सगळे विधी उरकल्यावर बसू ती पेटी माझ्याकडं घेऊन आला, कॅलेंडरच्या पानांच्या गठ्ठ्यासकट. पानं मला वाचता येत नाहीत. टिंबं बोटाला लागतात, अर्थ लागत नाही. तिच्याकडं शिकणाऱ्या अंध मुलींना ती मी देऊन टाकली. त्यांना तिची लिपी येते, खूण आधी असते हे त्यांना सांगावं लागत नाही. पेटी मात्र ठेवून घेतली.

गुरुवारी दुपारी मी ती उघडते. इतकी वर्षं समोर बसून बघितलंय, पट्ट्यांच्या बाजूला बसले तर एखादी बंदिश मलाही काढता येईल. पण पाय तिकडं वळत नाहीत. मी माझ्या जागी, पलीकडच्या बाजूला बसते आणि भाता हलवते. दमानं. आत हवा भरते, पट्ट्यांवर बोटं नसतात, आणि भरलेली हवा आपली आपण हळूहळू निघून जाते... मी पुन्हा भरते.